निकालाच्या दिवशी, तीनच्या आत

आमच्या घरात पैशातलं मला कळतं, असं ठरून गेलं आहे. कुणी ठरवलं ते विचारू नका, बहुतेक मीच ठरवलं असणार. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न करून साताऱ्याहून चेन्नईला आले, तेव्हा तमिळ तर सोडाच, सासरची मराठीही मला धड कळायची नाही. ही माणसं मूळची तंजावरकडची, कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. बोलतात मराठीच, पण तमिळच्या हेलात, आणि मध्येच असा एखादा जुना शब्द काढतात की मी आपली तोंडाकडे बघत राहायची. 'सगळं' म्हणायचं तर 'अस्कं' म्हणतात, हे कळायला मला दोन महिने लागले. अशा घरात सून म्हणून आपली काही किंमत राहावी, तर आपल्याला काहीतरी यायला नको का? मला आकडे यायचे. पुढे एका कॉलेजच्या हिशेब विभागात नोकरी लागली आणि बघता बघता घरातले टॅक्सचे फॉर्म, विम्याचे हप्ते, बँकेतल्या ठेवी असं एकेक करत सारं माझ्या टेबलावर आलं. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

माझ्यावर सगळ्यात आधी विश्वास टाकला तो माझ्या नणंदेनं. नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायच्या. लग्न केलं नाही, म्हणजे करायचं राहून गेलं. सासरे लवकर गेले आणि माझ्या नवऱ्याच्या इंजिनीअरिंगची चारही वर्षांची फी अक्कांच्या पगारातून भरली गेली. आज तो श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर आहे, सकाळी सहाला कंपनीची बस पकडतो, ती बस अक्कांनीच पकडून दिली असं मी नेहमी म्हणते. त्यांनी मात्र कधी तोंडानं काढलं नाही. उलट भावाकडून एक रुपया घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. सणाला साडी नेली तरी बदल्यात माझ्या हातात दुप्पट किमतीचं काहीतरी ठेवणार.

राहायच्या वेलचेरीला, तळमजल्यावर, भाड्यानं. तळ्यापासून फार लांब नाही. वेलचेरीत तळमजल्यावर राहणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. इकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा, आणि पाणी थेट घरात शिरतं. दिवाळी झाली की आभाळाकडे बघायचं. अक्कांच्या मागच्या दारी विटांची एक चळत बारा महिने रचून ठेवलेली असायची. पावसाचा इशारा आला की मी आणि नवरा जायचो, पलंगाच्या चारी पायांखाली तीन-तीन विटा लावायचो, कपाटातलं खालचं वर करायचो, आणि शेवटी सासूबाईंची शिवणाची मशीन पलंगावर चढवायचो. पायानं चालवायची जुनी मशीन, खाली लोखंडी सांगाडा. एकट्यादुकट्याचं काम नव्हे. सासूबाई गेल्यानंतर ती अक्कांकडे आली आणि अक्का अजून तिच्यावर शिवायच्या. शेजारच्या पोरींचे परकर, माझ्या लेकीची झबली, पुढे तिचे शाळेचे स्कर्ट. एका वर्षी पुस्तकं गेली, एका वर्षी तांदळाचा डबा. साठी उलटल्यावर अक्का एकदा विटा मोजता मोजता म्हणाल्या की आता वर जायला पाहिजे. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाल्या, देवाकडे नव्हे गं, तिसऱ्या मजल्यावर.

पैसे होते. निवृत्त झाल्यावर जी रक्कम हातात आली, त्यातली बरीचशी म्युच्युअल फंडात घालायला मीच लावली होती. तेव्हा त्यांनी 'हो' म्हणायला दोन महिने लावले. अक्कांचा एक नियम, पैशाच्या कुठल्याही गोष्टीला त्याच दिवशी होकार द्यायचा नाही. एक रात्र जाऊ द्यायची, सकाळी पुन्हा विचार करायचा. आणि दुसरा नियम राहुकाळाचा. रोजच्या दिवसातला दीड तास, प्रत्येक वाराचा वेगळा, इथल्या कॅलेंडरच्या रोज फाडायच्या पानावर छापलेला असतो. त्या वेळात नवीन काही सुरू करायचं नाही, पैशाची देवघेव करायची नाही. आमच्या कॉलेजात भले भले प्रोफेसर राहुकाळ बघून गाडीची किल्ली घेतात. मला हसू यायचं. आमच्याकडे साताऱ्याला मुहूर्त लग्नामुंजीला बघतात, रोज दीड तास हातावर हात ठेवून कोण बसतं? अक्कांच्या तोंडावर मी हे कितीदा बोलले असेन. त्या नुसत्या हसायच्या आणि कॅलेंडरकडे बघायच्या.

पण पैसे वाढले. सहा वर्षांत चांगले वाढले. बाजार चढला त्यात माझं कर्तृत्व काय होतं? काही नाही. पण माझं नाक असं काही वर गेलं की विचारू नका.

मग फ्लॅट मिळाला. अक्कांच्याच भागात, दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट. मालक म्हातारे गृहस्थ, मुलाकडे कोइमतूरला चालले होते. निवृत्तीनंतर अक्का घरी शिकवणी घ्यायच्या, ती मुलं तुटणार नव्हती, शेअर ऑटो दारातून मिळणार होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचं ऊन यायचं. चित्रै महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाच्या सुमारास, ॲडव्हान्स दिला. मालकांची अट एकच होती. बाकीचे पैसे आणि रजिस्ट्रेशन, दोन्ही आडी लागायच्या आत व्हायला हवं. जुलैच्या मध्याला आडी महिना लागतो, आणि त्या महिन्यात इकडे घराचे व्यवहार कुणी करत नाही. अक्कांनी कॅलेंडरच्या पानामागे आकडे मांडून मला दाखवले. घराची किंमत, रजिस्ट्रेशन, आणि सामान हलवायला टेम्पो. फंडातले पैसे बरोबर पुरत होते. वर फार उरत नव्हते, पण पुरत होते.

त्याच महिन्यात लोकसभेचं मतदान झालं. आमचं राज्य पहिल्याच फेरीत, त्यामुळे आम्ही एप्रिलात बोटाला शाई लावून मोकळे, आणि पुढे दीड महिना बाकी देशाचं मतदान होत राहिलं. अक्का आणि मी एकत्रच गेलो होतो. मत कुणाला द्यायचं हे मी महिनाभर आधीपासून जगाला सांगत होते. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या तोंडाला लागायला कुणी धजत नव्हतं. अक्कांनी कधीच सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाल्या, पडद्यामागे जाऊन द्यायचं असतं ते पडद्यामागेच राहू दे. मी कुणाला दिलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही माझ्या बाजूचे असाल तर माझी कड घ्याल आणि नसाल तर खूश व्हाल, आणि दोन्हींत माझी चूक झाकली जाईल.

चूक अशी झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला अक्कांनी फोन केला. त्यांनी कॅलेंडर बघून दिवस काढला होता, त्या दिवशी फंडातून पैसे काढून बँकेत ठेवू म्हणाल्या. दोन महिने राहिलेत, पैसे हाताशी असलेले बरे. मी म्हटलं, थांबा. निकाल लागू द्या. आमचं सरकार घसघशीत मतांनी येणार, हे मला तळहातावरच्या रेषेइतकं स्पष्ट दिसत होतं, आणि ते आलं की बाजार उसळणार हेही. स्टाफरूममध्ये सगळे तेच बोलत होते, टीव्हीवर तेच चाललं होतं. मी अक्कांना समजावलं की एक महिना कळ काढली तर रजिस्ट्रेशनचा खर्च वरच्या वर निघेल, शिवाय स्वयंपाकघरात चांगला ओटा करून घेता येईल. अक्कांनी एक रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून म्हणाल्या, तुला त्यातलं कळतं, तू म्हणतेस तर थांबते.

आज मला त्या वाक्याचा त्रास होतो. तेव्हा गुदगुल्या झाल्या होत्या.

मतदानाची शेवटची फेरी संपली आणि त्याच संध्याकाळी एक्झिट पोल आले. अगदी माझ्या मनासारखे. सोमवारी बाजार उघडला तो उडी मारूनच. अक्कांचा दुपारी फोन आला, आज काढायचं का म्हणून. मी कॉलेजात पेढे वाटायच्या बेतात होते. मी म्हटलं, अहो अक्का, आज नुसता अंदाज आहे तर एवढा चढला, उद्या खरा निकाल लागल्यावर बघा. त्या बरं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी ओढ होती, ती मला ऐकू आली होती. मी ती कानाआड केली.

मंगळवारी मोजणी. सकाळी नऊपासून स्टाफरूममधला टीव्ही चालू. दहा वाजेपर्यंत चित्र पालटायला लागलं. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फारच वेगळे आकडे येऊ लागले. त्याच टीव्हीच्या खालच्या पट्टीत बाजार दिसत होता, तोही घसरत होता. अकरा वाजता माझ्या तोंडचं पाणी पळालं. बारा वाजता मी टीव्हीवर ओरडले. समोरच्या टेबलावरचे फिजिक्सचे प्रोफेसर, जे महिनाभर माझ्यासमोर मान खाली घालून डबा खात होते, ते त्या दिवशी मान वर करून खात होते. एवढं मात्र मला अजून आठवतं, की त्या माणसाचा मला जेवढा राग आला, तेवढा बाजाराचा आला नव्हता. मी एकवीस वर्षं आकड्यांत काम केलेली बाई, पण त्या दुपारी माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता. देशानं माझं ऐकलं नाही, आता काही खरं नाही, सगळं बुडणार, एवढंच घुमत होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ऑटोनं वेलचेरी गाठली.

अक्का जमिनीवर वर्तमानपत्र पसरून शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. मला बघून उठल्या, पाणी दिलं, चेहरा बघून पंखा वाढवला. मी पाणी न पिताच बोलायला लागले. अक्का, सगळे पैसे आत्ताच्या आत्ता काढायचे. उद्या आणखी पडेल, परवा आणखी. फ्लॅट हातचा जाईल. फंडाचं ॲप माझ्या फोनवर होतं, पण ओटीपी अक्कांच्या फोनवर यायचा, म्हणजे त्यांनी वाचून दाखवल्याशिवाय व्यवहार पुरा होत नव्हता. अक्का पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, पैसे तर जुलैत द्यायचेत. अजून महिना आहे.

"अस्कं आजच करायला हवं का?" त्यांनी विचारलं. "एक रात्र जाऊ दे की."

भिंतीवर कॅलेंडर होतं. मंगळवारचं पान. राहुकाळ दुपारी तीन ते साडेचार. घड्याळात पावणेतीन झाले होते. फंडाचाही नियम असा की तीनच्या आत काढले तर आजचा भाव, तीननंतर काढले तर उद्याचा. अक्कांना भावाचं सांगून काही उपयोग नव्हता, त्या रात्र जाऊ देणारच होत्या. हे मला पक्कं माहीत होतं. आणि मी, राहुकाळाला पंचवीस वर्षं हसणारी मी, कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हटलं,

"अक्का, तीनला राहुकाळ लागतो. एकदा तो लागला की हे काम मोडलंच म्हणून समजा."

अक्कांचा हात पाल्यावरच थांबला. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हात पदराला पुसले आणि टेबलावरचा फोन उचलला. ओटीपी आला तेव्हा चष्मा सापडेना, तो केसांत होता. त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला, शाळेत हजेरी घ्यावी तसा, सावकाश. तीनला पाच कमी असताना व्यवहार झाला. मी हुश्श म्हणून पाणी प्यायले. अक्कांनी टीव्ही बंद केला आणि उरलेला पाला निवडून टाकला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. बुधवारी बाजार वर आला, गुरुवारी आणखी वर. पुढच्या आठवड्यापर्यंत तो जिथून पडला होता तिथे जाऊन बसला, आणि महिनाअखेर त्याच्याही पुढे गेला. सरकार कसं बनलं, कुणाच्या टेकूवर बनलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसल्यासारखं. अक्कांच्या बँकेत मात्र मंगळवारच्या भावानं पैसे आले. कॅलेंडरच्या पानामागे जे बरोबर पुरत होतं, ते आता पुरेना. रजिस्ट्रेशनचा खर्च निघेल म्हणून मी त्यांना थांबवलं होतं, आणि नेमका रजिस्ट्रेशनचाच खर्च कमी पडला.

मी माझ्या बांगड्या घेऊन गेले. अक्कांनी डबी उघडलीसुद्धा नाही. नवरा म्हणाला, मी भरतो, त्यात काय एवढं. अक्कांनी त्यालाही नको म्हटलं. तो चिडला, तू माझी फी भरलीस तेव्हा मी नको म्हटलं होतं का, असं बोलला. अक्का म्हणाल्या, तेव्हा तू लहान होतास, मी आता लहान नाही. त्यांची एक ठेव होती बँकेत, दुखण्याखुपण्याला ठेवलेली. ती मोडायची नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि म्हातारपणी एकट्या बाईनं ती मोडू नये हे मलाही पटत होतं. त्या वयात बँक कर्ज देईना. मालकांना त्यांनी आवणीपर्यंत, म्हणजे आडी संपेपर्यंत, मुदत मागितली. ते भले गृहस्थ होते, पण त्यांचं कोइमतूरचं तिकीट निघालं होतं. आडी लागायच्या चार दिवस आधी त्यांनी फ्लॅट एका आयटीतल्या जोडप्याला दिला. ॲडव्हान्स न कापता परत केला, वर अक्कांना घरच्या झाडाचे आंबे पाठवले. अक्कांनी त्यातले निम्मे मला पाठवले. ते मी शेजारी वाटून टाकले.

नवरा दोन दिवस आपला डबा आपणच भरून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी बसला जाताना बूट घालता घालता म्हणाला, तू मुद्दाम केलं नाहीस हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, मला तेवढंच माहीत नाही. आणि खरंच नव्हतं. स्टाफरूमच्या टीव्हीसमोर मी जी पेटले होते, ती अक्कांच्या घरासाठी की माझ्या हरण्यासाठी, याचा छडा मला लागत नव्हता. मी स्वतःला सांगायचे की त्या दिवशी कुणीही तेच केलं असतं. मग मला ते कॅलेंडरकडे दाखवलेलं बोट आठवायचं. तसं कुणीही केलं नसतं. ते मी केलं होतं.

जून ते नोव्हेंबर मी अक्कांकडे जायचं टाळलं. म्हणजे जायचे, पण टेकायचे नाही. त्या होत्या तशाच होत्या. डब्यातून चटणीची पूड पाठवायच्या, लेकीच्या परीक्षेची चौकशी करायच्या. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि माझी तर हिंमतच नव्हती.

मग पाऊस आला. इशारा आदल्या दिवशी मिळाला होता, पण नवऱ्याची शिफ्ट लागून आली आणि रस्त्यात पाणी भरल्यामुळे कंपनीनं बसच सोडली नाही. तो श्रीपेरुंबुदूरला अडकला. सकाळी सातला मी एकटीच अक्कांकडे पोचले. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. आम्ही दोघींनी विटा आत आणल्या. अक्का वाकून द्यायच्या, मी पलंगाखाली सरकवायची. तीन-तीन झाल्या. कपाट झालं, गॅसची शेगडी झाली, शिकवणीच्या मुलांच्या वह्या झाल्या. मशीन राहिली. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून जोर लावला. हलली, पण उचलवेना. मी पन्नाशीची, त्या पासष्टीच्या, आणि खाली तो लोखंडाचा सांगाडा. तीनदा प्रयत्न केला. शेवटी कशीबशी एकेक वीट खाली सारली. तोवर पाणी उंबऱ्यावरून आत आलं होतं. अक्कांनी मशीनवर घरातलं एकुलतं एक मेणकापड टाकलं, चारी कोपरे बांधले, आणि म्हणाल्या, चल वर.

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं कॉफी दिली. आम्ही दोघी जिन्यात बसलो, पेले हातात धरून. खाली पाणी दाराच्या कडीपर्यंत चढताना दिसत होतं. दोन गल्ल्या पलीकडे ती इमारत दिसत होती, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणीतरी ओले कपडे टाकले होते. मला ते बघवेना. मी रडायला लागले. पाच महिन्यांत जे बोलले नव्हते ते सगळं एका दमात बोलले. अक्का, माझ्यामुळे. तुम्ही मेमध्ये काढू म्हणाला होतात. सोमवारी पण विचारलंत. तुम्हाला पैसे कधी लागणार हे मला तारखेसकट माहीत होतं, मग निकाल कोणाचाही लागो, ते तिथे ठेवायचेच नव्हते. एवढं पोराला कळतं. मी एकवीस वर्षं लोकांना सांगत आले, आणि घरात...

अक्का ऐकत होत्या. त्यांनी कॉफी संपवली, पेला पायरीवर ठेवला.

"माझं मत मी एप्रिलात देऊन आले होते गं," त्या म्हणाल्या. "तू माझ्या पैशानं तुझं मत पुन्हा दिलंस. एकदा सोमवारी, एकदा मंगळवारी."

मी मान खाली घातली. खाली काहीतरी बुडबुडलं, बहुतेक बादली.

"त्याचंही मला काही वाटलं नाही. चुकतं माणसाचं. पण राहुकाळ तू मानत नाहीस. मला घाबरवायला तेवढा काढलास, ते लागलं."

एवढ्या वर्षांत मला कुणी एवढं खरं आणि एवढ्या हलक्या आवाजात बोललं नव्हतं. आईनं थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. अक्कांनी माझा ओला पदर पिळला, माझ्याच मांडीवर ठेवला, आणि म्हणाल्या की अर्धी चूक त्यांचीही आहे, एक रात्र जाऊ दे म्हणून त्यांनी हट्ट धरायला हवा होता, सहा वर्षांत माझ्यावर इतक्या विसंबल्या की आपला नियम आपणच मोडला. मग म्हणाल्या, आता रडू नकोस, शेजारीण बघते आहे.

पाणी दोन दिवसांनी ओसरलं. मेणकापड जिथल्या तिथे होतं, पण आतून मशीन गाळानं भरली होती. मेकॅनिकनं उघडून बघितलं आणि मान हलवली. इतकी जुनी, आतले भाग मिळत नाहीत म्हणाला. नवरा कामावरून परस्पर आला, मशीनच्या चाकावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. त्याला फीच्या दिवसांत शर्ट त्याच मशीनवर शिवून मिळायचे. लोखंड भंगारात गेलं. वरची लाकडी फळी आणि ड्रॉवर तेवढं उन्हात वाळवून अक्कांनी ठेवून दिलं.

पोंगल झाल्यावर, तै महिन्यात, अक्कांना दुसरा फ्लॅट मिळाला. दुसरा मजला, एकच खोली आणि स्वयंपाकघर, खिडकी पश्चिमेला. लिफ्ट आहे, पण आठवड्यातून एकदा बंद असते. पैसे आधीपासून बँकेत होते. दिवस अक्कांनी कॅलेंडर बघून काढला, आणि गृहप्रवेशाचं दूध उतू घालायला मी पहाटे साडेपाचलाच जाऊन हजर झाले. मशीनच्या फळीला सुताराकडून चार पाय लावून घेतलेत, तिच्यावर आता टीव्ही आहे.

परवा दुसऱ्याच कुठल्या राज्यांचे निकाल लागत होते. कॉलेजला सुट्टी होती, मी अक्कांकडे होते. सकाळपासून माझा फोन वाजत होता. ऑफिसातल्या एकीला विचारायचं होतं, ठेवू की काढू. फिजिक्सच्या प्रोफेसरांनीही विचारलं, बघा. मी सगळ्यांना एकच विचारत होते, पैसे लागणार कधी? ज्याला दोन महिन्यांत लागणार होते त्याला म्हटलं, निकाल कशाला बघता, ते तुमचे तिथे नसायलाच हवेत. ज्याला पंधरा वर्षं लागणार नव्हते त्याला म्हटलं, टीव्ही बंद करा आणि जेवा. एका जणीला माझं बोलणं कोरडं वाटलं असावं, तिनं फोन पटकन ठेवला.

अक्का शेवग्याचा पाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, आपला फोन उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. शिकवणीच्या पैशातून थोडे साठलेत, म्हणाल्या. हे पैसे मला दहा वर्षं लागणार नाहीत. तुझ्या फंडात घाल, ओटीपी मी वाचते.

माझा हात फोनवर गेला आणि तिथेच राहिला. पासष्टीच्या बाईनं माझ्या हातात दहा वर्षं ठेवली होती, आणि कुठल्या हातात? कॅलेंडरकडे बोट दाखवलेल्या त्याच हातात. डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आजचं पान, आजचा राहुकाळ. मग फोन त्यांच्या हातात परत दिला.

"आज नको अक्का," मी म्हटलं. "एक रात्र जाऊ दे."

अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. फोन टीव्हीशेजारी, मशीनच्या फळीवर ठेवला, आणि पाल्याचं वर्तमानपत्र माझ्या बाजूला सरकवलं.